बिननावाचा दुश्मन

दसरा सरला, पाऊस परतला आणि सलग चार दिवस कोरडं ऊन पडलं, की माझ्या नाकात टर्पेंटाइनचा वास येतो. हैदराबादच्या माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात टर्पेंटाइनचा थेंबही नाही. तरी येतो. भिंती वाळायला लागल्या की पेंटरची पोर अस्वस्थ व्हायचीच, असं मी स्वतःला समजावते आणि खिडकी लावून घेते. खिडकी लावून काही उपयोग होत नाही.

बीदरला हाच रंगाचा हंगाम. शिवारात तूर पिवळ्या फुलांवर आलेली असते आणि गावात पेंटर लोक भिंतींना हात लावून लावून ओल बघत फिरत असतात. दुकानांचे बोर्ड, शाळांच्या भिंती, लग्नघरांची दारं, जत्रेच्या कमानी, एखाद्या वर्षी निवडणूक. माझे वडील नरसिंग पेंटर. मी त्यांना अप्पा म्हणायची. या दिवसांत ते घरी फक्त जेवायला यायचे, आणि तेही कानाच्या पाळीपर्यंत रंगाचे ठिपके घेऊन. आई म्हणायची, "ह्यांना धुण्यापरीस नवीन नवरा आणल्याला बरा."

आमचं मूळ गाव बीदर जिल्ह्यातल्या राजेश्वर गावाच्या अलीकडे. आजोबा मेंढरं राखायचे. दोन कळप मिसळले तर आपली मेंढरं ओळखू यावीत म्हणून पाठीवर रंगाची खूण करायची असते. ते काम लहानपणी अप्पांकडे होतं. "माझा पयला बोर्ड चार पायांवर चालायचा आन् दुसऱ्याच्या रानात तोंड घालायचा," असं ते सांगायचे. पुढे मेंढरं गेली, अप्पा बीदरला आले आणि एका म्हाताऱ्या पेंटरच्या हाताखाली चार लिप्या शिकले: कन्नड, मराठी, उर्दू, तेलुगू. शाळा मात्र चौथीपर्यंतच. बोर्ड लिहिण्याआधी ते दुकानदाराशी अर्धा अर्धा तास बोलत बसायचे. मी कंटाळून म्हणायची, चला की आता. त्यावर म्हणायचे, "ज्याचं नाव लिव्हायचं त्याचं तोंड तर बघून घ्यावं की गं." या लिप्या त्यांनी मलाही शिकवल्या, पाटीवर नाही, जुन्या पत्र्यांवर. चारही भाषांत मला वाचता येतं आणि चारही भाषांत माझं अक्षर त्यांच्यासारखं आहे.

मला आठवतो तो हंगाम फ्लेक्स आल्यानंतरचा. हैदराबादहून रात्रीच्या बसने गुंडाळी यायची आणि सकाळी दुकानावर टांगलेली असायची, दुकानदाराच्या हसऱ्या फोटोसकट. ज्या दिवसांत अप्पा घरी टिकायचे नाहीत त्याच दिवसांत ते ओट्यावर बसून ब्रश धुवायचे. धुतलेलेच ब्रश पुन्हा धुवायचे. मी तोवर हैदराबादला मल्टिमीडियाचा कोर्स करून एका कंपनीत लागले होते. ही कंपनी परदेशातल्या गेम बनवणाऱ्यांचं फुटकळ काम करून द्यायची. गेममधलं घर म्हणजे आधी नुसता खोका असतो. त्या खोक्यावर भिंतीची कातडी चढवावी लागते: विटा, चुना, पोपडे, डाग. तिला टेक्स्चर म्हणतात. मी कातड्या रंगवायची. म्हणजे माझाही धंदा शेवटी भिंतींचाच, फक्त हात स्वच्छ राहायचे.

त्या वर्षी युद्धाचा गेम आला. टीव्हीवर रोज दिसणारं एक खरं युद्ध दूरच्या एका खऱ्या देशात चालू होतं, आणि गेमही त्याच देशातला होता. कामाच्या कागदावर त्या देशाचं नाव होतं, झेंडा होता, भिंतीवरच्या घोषणाही होत्या. आमच्या वाट्याला आलं दुश्मनाचं गाव. सैनिक, बंदुका, रणगाडे दुसरीकडे कुठे तरी बनत होते, आम्हाला करायच्या होत्या गल्ल्या. आमचे टीम लीड प्रवीण म्हणाले, "खरं वाटलं पाहिजे. क्लायंट दोनदा म्हणालाय, खरं वाटलं पाहिजे." त्या देशात आमच्यातलं कोणी गेलेलं नव्हतं. नेटवरचे फोटो धूसर. आणि मी, सगळ्यांत नवी, हात वर करून म्हणाले, "सर, माझ्या गावात अशाच गल्ल्या आहेत."

मला कुणी विचारलं नव्हतं. हे लिहून ठेवलेलं बरं. पुढे मी पुष्कळदा स्वतःला सांगत आले की नोकरी होती, हुकूम होता. हुकूम नव्हता. मला शाबासकी हवी होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी कंपनीचा कॅमेरा घेऊन बीदरला आले. अप्पांनी विचारलं, "कसले फोटो काढायलीस?" म्हटलं, कॉम्प्युटरवर खेळ असतो, त्यात एक गाव दाखवायचंय, आपलं बीदर घालणार आहे. यात खोटं काहीच नव्हतं. खेळ कसला, ते मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. त्यांना दुसरंच सुचलं होतं. "म्हणजे माझी अक्षरं बी येतील?"

येतील, मी म्हणाले.

पाच दिवस आम्ही बाप-लेक हिंडलो. अप्पा पुढे, सायकल हातात धरून, मी मागे. जांभ्या दगडाच्या लाल भिंती, त्यांवर पिवळट झालेला चुना, कमानी, पायऱ्या, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचा पत्रा. प्रत्येक ठिकाणी अप्पा थांबून सांगायचे, हा बोर्ड अमक्या साली, ही कमान तमक्याच्या लग्नात, इथं शिडी सरकून पडलो होतो. वर हवाई दलाची सरावाची विमानं घिरट्या घालत होती. बीदरात विमानांकडे मान वर करून कोणी बघत नाही, पाहुणा आला तर तोच बघतो. पुढे गेममध्ये विमान आलं की गावकरी सैरावैरा पळतात असं ठरलं, तेव्हा मी म्हणाले होते, आमच्याकडे कोणी पळत नाही. सगळे हसले. प्रवीण म्हणाले, "ते खरं असेल, पण खरं वाटणार नाही."

चौथ्या दिवशी अप्पा मला मकबूल चाचांकडे घेऊन गेले. चाचा बिदरीचं काम करायचे, काळ्या धातूत चांदीची तार ठोकून वेलबुट्टी भरायचे. त्यांच्या फुलदाण्यांवरचे वेल अनेकदा अप्पांनी कागदावर काढून दिलेले असायचे. दोघांची दोस्ती मी जन्मायच्या आधीची. आदल्याच दिवशी अप्पांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, की पोर दाराचा फोटो काढणार, कंपनीत जाणार. त्या दाराचा फोटो मला हवा होता तो त्याच्या जुनेपणासाठी. तीन थरांचे पोपडे सुटलेले, खाली लाकूड उघडं, फट पडलेली, असं दार शोधून सापडलं नसतं.

आम्ही पोचलो तेव्हा दार नवंकोरं होतं. आकाशी ऑइलपेंट, अजून चिकट. चाचांनी पहाटे उठून स्वतः रंग दिला होता, आणि चौकटीवर मध्ये जागा सोडून ठेवली होती, नरसिंगनं नाव लिहावं म्हणून. घरातलं सगळं बिऱ्हाड आंघोळी करून उभं. चाचांच्या अंगावर इस्त्रीचा पांढरा कुर्ता. "कंपनी के लोगां देखते ना," ते म्हणाले, "तो पुराना दरवाजा कैसा दिखाना?"

आमच्या भागात हे असंच चालतं. फोटो म्हटलं की लोक भिंतीलासुद्धा आंघोळ घालतात. अप्पांनी तिथेच शिडी मागवली आणि चौकटीवर चाचांचं नाव उर्दूत, कन्नडमध्ये आणि मराठीत लिहिलं. खाली कोपऱ्यात, बारीक, स्वतःचं. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या हाताला रंग लागला होता. मी फोटो काढला. माणसं नकोत, नुसतं दार, असं मला सांगावं लागलं. सगळे हसत हसत बाजूला झाले.

हैदराबादला येऊन ते दार जुनं करायला मला तीन दिवस लागले. रंग उडवला, पावसाचे ओघळ काढले, खालच्या बाजूला ओल चढवली. क्लायंटच्या यादीत होतं म्हणून कडीच्या आजूबाजूला गोळ्यांची पाच भोकं पाडली. प्रवीण मागे येऊन उभे राहिले. "हे दार बघितलं की वाटतं, आत नक्की कोणीतरी आहे," ते म्हणाले. मला त्या महिन्याची सगळ्यांत मोठी शाबासकी मिळाली. मी रूमवर जाऊन मैत्रिणींना जिलेबी खाऊ घातली.

मग पत्र आलं. क्लायंटच्या वकिलांनी गेम पाहिला होता. खऱ्या देशाचं नाव ठेवलं तर तो देश तक्रार करेल, आजूबाजूचे देश बंदी घालतील, दुकानदार माल ठेवणार नाहीत. तेव्हा देशाचं नाव काढा. त्याजागी एक बनावट नाव, तोंडातून निघताच विसरून जावं असं. झेंड्याचे रंग बदला. आणि भिंतींवर वाचता येईल असं एकही अक्षर नको. मात्र भिंतीवर अक्षरं आहेत असं वाटलं पाहिजे.

हे शेवटचं काम माझ्याकडे आलं. ऑफिसात चार लिप्या वाचता येणारी मी एकटी. कुठल्याच भाषेत काहीच वाचता येत नाही, अशी खात्री मीच देऊ शकत होते. मी अप्पांची अक्षरं उचलली, मधून कापली, उलटी केली, एकाचं शेपूट दुसऱ्याला जोडलं. उर्दूतून बघायची, मग कन्नडमधून, मग तेलुगू, मग मराठी. चुकून कुठे "पा" किंवा "री" असं काही उमटलं की पुसायची. आठ दिवसांत सगळ्या गावाची वाचा गेली. चाचांच्या चौकटीवरचं नावही गेलं. नुसत्या वळणदार रेघा राहिल्या, बाहेरच्याला अक्षरं वाटाव्यात अशा.

पुसण्याचं काम मला नवं नव्हतं म्हणा. आमच्या सीमाभागात वर्षाआड कुठला तरी नोव्हेंबर असा यायचा, की कुणी तरी कुठल्या तरी भाषेच्या पाट्यांना डांबर फासून जायचं. अप्पा निमूटपणे रॉकेलचं फडकं घेऊन जायचे आणि त्याच जागी तेच नाव लिहून यायचे. चिडायचे नाहीत. "डांबर लावणाऱ्याला निदान वाचता तर येतं," म्हणायचे. त्या आठ दिवसांत मला हे वाक्य आठवलं नाही. खरं तर मला हायसंच वाटत होतं. नाव निघालं, आता हे गाव कुणाचंच नाही, हे दुश्मन कुणीच नाहीत, म्हणजे आपण कुणाचं वाईट केलं नाही. माझं मन त्या वकिलांच्या पत्रावर निवांत झोपायचं.

गेम पुढच्या वर्षी आला. माझ्या हातात रीतसर सीडी पडण्याआधी बीदरच्या सायबर कॅफेत नकली सीडी पोचली होती. मी दिवाळीला आले तेव्हा अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. वर्षभर वाट बघत होते. टाळायला मी सतरा सबबी सांगितल्या, पण त्यांनी चष्मा पुसून खिशात ठेवलेलाच होता. सकाळी अकराच्या सुमारास आम्ही कॅफेत गेलो आणि त्यांना मी माझ्या शेजारी खुर्चीवर बसवलं.

पहिली दोन मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही, इतका तो माणूस आनंदला होता. "अगं, जांभा! अगदी जांभाच की! ही पायरी कोपऱ्यावरची. ती गिरणी." मागच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसाला वळून सांगितलं, "पोरीनं केलंय." मग डोळे बारीक करून भिंती बघायला लागले. "ह्ये काय लिव्हलंय गं? मला वाचता येईना झालंय." चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मी गल्ली पुढे सरकवली. "आता पुढं मकबूलचं दार हाय बघ," ते म्हणाले.

दार आलं. दार उघडलं. तोंडाला फडकं बांधलेला, हातात बंदूक घेतलेला माणूस बाहेर आला. माझ्या बोटाखाली गोळी झाडायचं बटण होतं. मी ते दाबलं नाही. पडदा लाल झाला आणि त्यातली गल्ली आडवी झाली.

"काय झालं?"

"आपण मेलो, अप्पा."

"कुणी मारलं?"

"त्यानं. दारातनं आला ना, त्यानं."

अप्पा पडद्याकडे बघत राहिले. "मकबूलच्या दारातनं?"

"तो दुश्मन हाय, अप्पा. खेळातला."

"कुण्या देशाचा?"

"कुठल्याच न्हाई. आधी नाव होतं, ते काढून टाकलंय. आता कुणाचाच न्हाई."

"आन् माझी अक्षरं?"

"ती बी काढली."

त्यांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला. मला रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. परतताना गल्लीच्या तोंडाशी चाचा भेटले, बहुधा वाटच बघत होते. "क्या नरसिंग, देखा क्या? कैसा है अपना दरवाजा?"

माझ्या वडिलांना मी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. बोर्डाचा रंग उन्हात टिकणार नसेल तर ते गिऱ्हाइकाला आधीच सांगायचे. ते थांबले, सायकल दुसऱ्या हातात घेतली, आणि म्हणाले, "शादी का घर दिखाए, मकबूल. तेरे दरवाजे पे तोरण है. बच्चे खेलते वहाँ."

चाचांचं तोंड असं फुललं की मला बघवेना. घरी येईपर्यंत अप्पा एवढंच बोलले, "त्याला दाखवू नको."

त्यानंतर चाचांनी मला एकदाही दाखव म्हटलं नाही. मी ते माझं नशीब समजले. अप्पांनी पुन्हा कधी माझ्या कामाबद्दल विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ती कंपनी मी सोडली. आता मी शेतीचा खेळ रंगवते, टोमॅटो, कोंबड्या, लाल छपराचं घर. लोक बसल्या बसल्या जगभरातून नांगरतात. त्यात दुश्मन नाही. अप्पा गेले तेव्हा हे सांगायचं राहून गेलं होतं. सांगितलं असतं तरी काही फरक पडला असता असं नाही, पण राहून गेलं ते गेलंच. त्यांच्या दुखण्यात चाचा रोज संध्याकाळी येऊन उशाशी बसायचे. दोघं फुलदाण्यांबद्दल बोलायचे, पावसाबद्दल बोलायचे. एकदा मी पाणी घेऊन आत गेले तर चाचा आईला सांगत होते, की नरसिंगच्या पोरीनं आमचं दार लग्नघर म्हणून दाखवलंय. अप्पा डोळे मिटून होते. मी पेला उशाशी ठेवला आणि बाहेर आले.

अप्पांच्या वर्षश्राद्धाला मी बीदरला गेले. पुन्हा हेच दिवस, हेच कोरडं ऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी मनाचा हिय्या करून चाचांकडे गेले. दाराचा आकाशी रंग आता खरोखरच उडायला लागला होता. ते आत खाली बसून एका तबकावर तार ठोकत होते. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. कंपनी, युद्ध, पाच भोकं, दारातून येणारा माणूस, अप्पांचं खोटं. बोलता बोलता रडायला आलं. त्यांची हातोडी चालूच होती.

"मालूम है बेटी," ते म्हणाले. "गल्ली के बच्चे कब का दिखाए मेरेकू. उसीच साल."

"मग तुम्ही बोलला कामून न्हाई?"

"नरसिंग शादी का घर बोला ना. जिंदगी में एक झूठ बोला वो, मेरे वास्ते. उसकू मैं तोडना क्या? वो शादी का घर बोला, तो मैं भी शादी का घर बोला."

म्हणजे शेवटच्या आजारपणात दोघंही एकमेकांना जपत होते, आणि ज्याच्यापासून जपत होते ते माझं काम होतं. हे कळल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण माणूस स्वतःला वाचवायचं शेवटपर्यंत सोडत नाही. मी म्हणाले, "पण चाचा, नाव काढलं होतं आम्ही. ते तुम्ही नव्हता. तुमच्यापैकी कुणीच नव्हतं. कुठल्या देशाचेच नव्हते ते."

हातोडी थांबली. ते रागावले नव्हते. कारागीर नवख्याला समजावून सांगतो तसं सावकाश बोलले.

"वहीच तो, बेटी. नाम लिखे रहते तो मैं बोलता, ये हम नै, वो दूर के लोगां हैं. नामच नै तो मैं क्या बोलूँ? दरवाजा तो मेराच है."

चाचांनी चहा मागवला, मी तो प्यायले. त्यांनी अप्पांनी काढलेला वेलाचा एक कागद दाखवला, कडा काळवंडलेला, आणि पुन्हा कामाला लागले.

निघताना मी कडी काढली. दार आतून ओढलं. बाहेर गल्लीत लख्ख ऊन होतं, समोरून कुणीतरी चालत येत होतं, आणि माझा पाय उंबऱ्यावरच अडला. या दारातून बाहेर पडणाऱ्याचं काय करायचं असतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मी दोन्ही हात रिकामे दिसतील असे पुढे धरले आणि बाहेर पडले.